दुसरी मुलाखत

४ जून

चि. धाकट्यास,

साठी गाठलेल्या माणसाला ‘चि.’ लिहिताना हात जरा अडखळला. पण ‘प्रिय’ लिहावं एवढी सलगी आपल्यात उरलेली नाही, आणि ‘महोदय’ लिहिलं असतं तर तू हे पत्र विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात टाकून मोकळा झाला असतास. तेव्हा चि. बरं. पत्ता तुझ्या बायकोकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मीच फोनवर फार गळ घातली.

आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्या दिवशी आपण दोघं मिळून चार वाक्यं बोललो आणि त्यातली दोन टॅक्सीबद्दल होती. त्याआधी पंचवीस वर्षं तेवढीही नव्हती. हे पत्र उघडताना तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. असू देत, आठ्यांसकट वाच.

युद्धाच्या काळात मी काय काम करत होते, ते घरी कुणालाच माहीत नव्हतं. मी कुठल्याशा सरकारी कचेरीत टायपिंग करते असं तुम्हाला वाटायचं, आणि तू मला ‘टकटक ताई’ म्हणायचास. मी ते चालवून घेत होते, कारण आमच्याकडून शपथ घेतली होती. ती शपथ गेल्या महिन्यात अधिकृतपणे उठली. म्हणून आता सांगते.

आमची कचेरी एका बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यात होती. दाढ काढायची ती मोठी खुर्ची कुणी हलवलीच नाही, आणि आमचे बडे साहेब तिच्यातच बसून सह्या करायचे. वैमानिकांनी आकाशात जे न उमगणारं काही पाहिलं असेल, त्याचे अहवाल आमच्याकडे यायचे. दिवे, गोळे, पंखाला खेटून उडणाऱ्या ठिणग्या. शत्रूने एखादं नवं अस्त्र काढलं की काय, अशी वरच्यांना धास्ती होती. ती वस्तू काय होती हे आम्ही ठरवायचं नव्हतं. सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, एवढंच ठरवायचं. अ म्हणजे पूर्ण विश्वास, मग त्या भागात जाणाऱ्या सगळ्या विमानांना सावधगिरीची सूचना जायची. ब आणि क म्हणजे फाइल कपाटात. ड म्हणजे माणूस थकलाय, त्याला डॉक्टरकडे पाठवा आणि उड्डाण बंद करा.

तुला हसू येईल असे नमुने यायचे. एका पठ्ठ्याने शुक्राच्या चांदणीवर दीडशे गोळ्या झाडल्या होत्या, आणि ती घाबरून मावळली असं त्याने लिहिलं होतं. एकाला पाठलाग करणारा लाल डोळा दिसला, तो काचेत दिसणारा त्याच्याच सिगारेटचा निखारा निघाला. एकाने तर तबकडीत बसलेली माणसं पाहिली होती आणि त्यांच्या टोप्यांचे रंगसुद्धा सांगितले होते. त्याला ड देताना कचेरीत टाळ्या पडल्या. आम्ही दुष्ट नव्हतो रे, पण हसल्याशिवाय ते काम झेपण्यासारखं नव्हतं.

पद्धत मात्र चोख होती. विमानातल्या प्रत्येकाने आपापला जबाब वेगळा लिहायचा. ‘ते काय होतं’ असं कधीच विचारायचं नाही, ‘आधी काय दिसलं, मग काय दिसलं’ असं विचारायचं. आकार सांगताना हात लांब करून धरलेल्या एखाद्या वस्तूचं माप द्यायचं. आणि तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी तळावर जाऊन तेच प्रश्न उलटसुलट क्रमाने पुन्हा विचारायचे. ही दुसरी मुलाखत. जो माणूस दुसऱ्यांदा जास्त रंगवून सांगतो, तो घसरला. जो ‘हे मला सांगता येत नाही’ म्हणतो, तो खरा. मी त्यात पटाईत होते, हे सांगायला आता लाजायचं काय?

तर आता एक समिती त्या जुन्या फायली पुन्हा तपासते आहे. त्या दवाखान्यातली हयात अशी मी एकटीच उरले, म्हणून मला बोलावणं आलं. आठवड्यातून तीन दिवस जाते. त्यात तू वैमानिक होतास तेव्हाची तुझीही फाइल आहे, ड शेरा असलेली. तुला कळवावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

ताई

१९ जून

चि. धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. ‘फाइलीत काय आहे ते मला पाठ आहे. दुसरी मुलाखत कोणत्या तारखेला झाली, तेवढं कळव.’ इतक्या वर्षांनी दोन ओळी, आणि दुसरीत हुकूम. अक्षर मात्र अजून तसंच आहे, एकमेकांना धक्के देत पळणारं.

तारीख चौदा. दुपारी तीन ते तीन चाळीस. फाइलीत असं लिहिलेलं आहे.

आता समितीबद्दल सांगते. आम्हाला तळमजल्यावरची एक लांबट खोली दिली आहे. एका भिंतीला फायलींची लोखंडी मांडणी, मधे टेबल, आणि खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी असेल तिशीची. चष्मा डोक्यावर ठेवते आणि मग टेबलभर शोधते, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणते. ती तोंडावर मला बाई म्हणते, पाठीमागे काय म्हणते देव जाणे. पोरगी हुशार आहे. आम्हाला जे शिकायला चार वर्षं लागली ते ती चार दिवसांत शिकली. एक दोष आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

परवा तिने तुझी फाइल माझ्यापुढे ठेवली. फायलींवर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. वैमानिकाचा एक, त्याच्या नेव्हिगेटरचा त्याला लागून दुसरा. ती म्हणाली, “बाई, हे दोघं एकाच विमानात होते. लिहिलेले जबाब जवळजवळ तंतोतंत जुळतात. तीन नारिंगी दिवे, उजव्या पंखाच्या बाजूला, पहाटेच्या उजेडात, चार मिनिटं. विमान वळलं की तेही वळले, आणि मग एकामागून एक विझले. मग एकाला क आणि दुसऱ्याला ड कसा?”

मी म्हटलं, “दुसरी मुलाखत वाच. वैमानिकाची उत्तरं बदलली आहेत.”

“वाचली. तीनाचे पाच दिवे झाले, रंगही बदलला. पण मुलाखतीखाली वैमानिकाची सहीच नाही. नेव्हिगेटरच्या मुलाखतीखाली त्याची आहे.”

“राहून गेली असेल,” मी म्हटलं. तिने चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि सहीची रिकामी जागा पुन्हा तपासली.

तुझं उड्डाण बंद झाल्यावर तू घरी आलास तो दिवस मला आठवतो. स्वयंपाकघरात उभा राहून तू ओरडत होतास की दुसरी मुलाखत झालीच नाही, कुणी आलंच नाही, आणि तळावरचे सगळे म्हणतात की तू विसरलास. जितकं जास्त ‘झालीच नाही’ म्हणावं, तितकं डॉक्टर जास्त मान डोलावतात. मग तू माझ्याकडे वळून विचारलंस, “ताई, तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?”

मी म्हटलं होतं, “तू दमलायस रे. विसरला असशील.”

तू बॅग उचललीस आणि गेलास. आई जिन्यापर्यंत धावली. मी ओट्याशी उभी राहिले.

आज एवढंच. पाठ धरली आहे.

ताई

२ जुलै

चि. धाकट्यास,

पाठबीठ काही धरली नव्हती. धीर झाला नाही.

दुसरी मुलाखत झाली नाही. तू विसरला नव्हतास. तुझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं आणि पुढेही होतं. ती मुलाखत मी लिहिली. एका जीपमध्ये बसून, मांडीवर कागद ठेवून, प्रश्नही माझे आणि उत्तरंही माझी.

हे वाक्य मी आठवडाभर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. कुठल्याही तऱ्हेने ते सोपं होत नाही, तेव्हा आहे तसंच ठेवते.

तुझा लेखी जबाब टाइप होऊन माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर फक्त क्रमांक होता. माझं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे वैमानिकांच्या यादीशी माझं नातं कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. आकाराच्या रकान्यात तू लिहिलं होतंस, ‘हात लांब करून धरलेल्या शिवणयंत्राच्या बॉबिनएवढा.’ इतर वैमानिक लिंबू म्हणायचे, नाणं म्हणायचे, बंदुकीची गोळी म्हणायचे. दिवसभर आईच्या मशिनीखाली बसून बॉबिनची गाडी गाडी खेळलेला वैमानिक अख्ख्या हवाई दलात एकच होता.

अशा वेळी काय करायचं याचा नियम होता, आणि तो एका वाक्याचा होता. ओळखीचा माणूस निघाला तर फाइल साहेबांच्या खुर्चीवर ठेवायची आणि म्हणायचं, ‘ही माझ्याकडे नको.’ कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही. शेजाऱ्यांच्या मुलाची फाइल आली होती तेव्हा मी हे केलं होतं, सहज. तुझ्या वेळी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. फाइल घेऊन मी पुन्हा माझ्या टेबलाशी बसले आणि तुझा जबाब तीनदा वाचला.

तुला एक सांगते आणि यात भावाचं कौतुक नाही. मी चारशेच्या वर जबाब तपासले, त्यात इतका स्वच्छ दुसरा नव्हता. अकरा ठिकाणी तू ‘सांगता येत नाही’ लिहिलं होतंस. अंतर किती? सांगता येत नाही. आवाज? इंजिनाच्या आवाजात सांगता येत नाही. घाबरलात का? हो. तो अ होता, डोळे मिटून अ.

मी चौदा तारखेला तळावर गेले ती तुझ्या नेव्हिगेटरला भेटायला. तुम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचात ना? शाळामास्तरच वाटत होते, चुकलेल्या पोराला समजावल्यासारखं हळू बोलायचे. चाळीस मिनिटं समोर बसले आणि लेखी जबाबातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “माझ्या वैमानिकाला केव्हा भेटणार? त्याच्याइतके साफ डोळे या तळावर कुणाचे नाहीत.” मी म्हटलं, “आता त्यांच्याकडेच चालले.”

आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मैदानात तुम्ही व्हॉलीबॉल खेळत होता. तुझी पाठ माझ्याकडे होती, बनियन खांद्यावर फाटलेली, आणि पॉइंट गेला म्हणून तू कुणाशी तरी हुज्जत घालत होतास. तू वळला असतास तर सगळं वेगळं झालं असतं. ड्रायव्हर पाणी प्यायला गेला होता. तो येईपर्यंत माझं लिहून झालं होतं.

का, ते तुला माहीत असेल. त्या महिन्यात तुमच्या तळावरून गेलेल्या दहा विमानांतली चार परत येत नव्हती. ते आकडे आमच्या कचेरीत यायचे. आई रोज विचारायची, ‘त्याचं पत्र आलं का?’ मी आईसाठी केलं. तुला जमिनीवर आणायला माझ्या हातात ते एकच अक्षर होतं.

नऊ दिवसांनी मास्तर दुसऱ्या वैमानिकाबरोबर त्याच भागात गेले आणि परत आले नाहीत. तुझ्या जबाबाला मी अ दिला असता, तर त्या भागासाठी दिव्यांची सूचना निघाली असती. तिचा उपयोग झाला असता का? सांगता येत नाही. पण ती निघाली नाही, आणि ती माझ्यामुळे निघाली नाही. दोघांनाही ड दिला असता तर मास्तरही जमिनीवर राहिले असते. पण एकाच विमानातले दोघं म्हटल्यावर साहेबांना संशय आला असता, सगळं उघडकीला आलं असतं. म्हणून त्यांना मी क दिला.

सोबत माझं निवेदन जोडलं आहे. हे समितीपुढे ठेवायचं आहे. ते नोंदलं गेलं की तुझा ड रद्द होईल, चौतीस वर्षं तुझ्यावर बसलेला ‘डोकं फिरलेला’ हा शिक्का पुसला जाईल. माझं काय व्हायचं ते होवो. पण त्यात मास्तरांचाही उल्लेख येतो आणि त्यांच्या घरच्यांना ते कळेल. तू सांगितल्याशिवाय मी देणार नाही. बाकी शिव्या देऊन झाल्या की निवेदनाचं काय करायचं तेवढं लिही.

ताई

२१ जुलै

चि. धाकट्यास,

तुझं कार्ड आलं. शिव्या नाहीत, काही नाही. ‘समितीच्या आधी मास्तरांच्या घरी जा. पत्ता मागच्या बाजूला.’ मास्तरांच्या बायकोचा पत्ता तुला तोंडपाठ कसा, हा विचार मी तेव्हा केलाच नाही. इतरांच्या जबाबातली फट मला एका नजरेत दिसायची, घरातली कधीच दिसली नाही.

काल दुपारी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोनदा जिन्यावर टेकले, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा दमले म्हणून नव्हे. दार त्यांनीच उघडलं. लहानखुऱ्या बाई आहेत, केस आखूड, मटार सोलत बसल्या होत्या. मी तुझी बहीण म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी आत नेलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “हा नळ त्यांनीच बसवलाय गेल्या वर्षी. आता गळत नाही बघा.”

मग कळलं. तू दर वर्षी जातोस. नळ, कडी, पंखा, जे बिघडलं असेल ते दुरुस्त करतोस आणि जेवायला थांबत नाहीस.

त्या म्हणाल्या, “जाताना दारात उभे राहून दर वर्षी तेच म्हणतात. वहिनी, माझं डोकं ठिकाणावर असतं तर त्या दिवशी मी मास्तरांबरोबर असतो. मी म्हणते, अहो, मग तुम्हीही गेला असता. तर म्हणतात, तेही चाललं असतं.” मग म्हणाल्या, “बाहेर धो धो पाऊस पडत असतो, तरी मला विचारतात, वहिनी, पडतोय ना? मी हो म्हटल्याशिवाय छत्री उघडत नाहीत.”

धाकट्या, हे ऐकलं आणि मला हुंदका आवरला नाही. मला वाटत होतं मी तुझं उडणं काढून घेतलं. त्याबद्दल मी चौतीस वर्षं स्वतःला समजावत होते, की उडणं गेलं तर गेलं, माणूस राहिला. मी तुझे डोळे काढून घेतले, हे मला माहीतच नव्हतं. तू पाहिलंस ते होतं रे. तीनच दिवे होते, नारिंगीच होते. ते काय होते ते आजही कुणाला माहीत नाही, पण ते तू पाहिलंस.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या मटार सोलत राहिल्या. संपले तेव्हा सालं पुन्हा चाचपून पाहू लागल्या. मी म्हटलं, दोघांना एकदम ड देता आला नाही, साहेबांना संशय आला असता.

तेव्हा त्यांनी मान वर केली. “आला असता का?”

मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारले, पण मला तसा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं की नसता आला. त्याच महिन्यात मी एका विमानातल्या तिघांना एकदम ड दिला होता. साहेब खुर्चीत पेंगत सह्या करायचे, त्यांनी पाहिलंही नसतं.

म्हणून तुला लिहिलेलं खोटं आज मागे घेते. संशयाची भीती मला तेव्हा नव्हती, ती मी नंतर शोधली. खरं हे आहे की मास्तर मला सुचलेच नाहीत. चाळीस मिनिटं माझ्यासमोर बसलेला माणूस, दोन पावलांवर, आणि तो मरेल हे माझ्या मनातही आलं नाही. तू वाचलास या आनंदात मी होते. ते गेल्याचं कळलं तेव्हाही पहिल्यांदा मला हायसं वाटलं, कारण त्या विमानात तू नव्हतास. आणि ‘आईसाठी’ केलं असं लिहिलं, तेही सोडून दे. आईला मी पुढे केलं. तू नसलास तर माझं कसं होईल, याची भीती मलाच होती.

हे मी त्यांच्यासमोर असंच बोलून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्याशी शेवटचं नीट बोललेलं बाहेरचं माणूस तुम्ही. त्या चाळीस मिनिटांत कसे होते ते?”

मी आठवून आठवून सांगितलं. नवे बूट चावत होते म्हणून त्यांनी माझी माफी मागून टेबलाखाली काढून ठेवले होते. एका मोज्याचा अंगठा फाटलेला होता, तो ते दुसऱ्या पायाखाली लपवत होते. पेन्सिल उसनी घेतली आणि जाताना टोक करून परत दिली.

त्यांनी सालं गोळा करून बाजूला सारली. मग म्हणाल्या, “बाकीचं राहू दे. एवढं तरी चौतीस वर्षांपूर्वी येऊन सांगायचं होतंत.”

दारात त्यांनी मला सांगितलं की पुन्हा येऊ नका. आवाज न चढवता सांगितलं. “निवेदन द्या. माझं नाव येऊ दे, ह्यांचंही येऊ दे. पण तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही, आणि भावाला सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा.”

आज सकाळी निवेदन समितीला दिलं, संशयाचं आणि आईचं वाक्य खोडून, खरं लिहून. चष्मेवालीने ते उभ्या उभ्या वाचलं. तिने नोंदवहीत तारीख टाकली, माझी सही घेतली, आणि मला खुर्ची ओढून दिली. उद्यापासून मी तिथे येऊ शकत नाही, हे तिने चष्मा पुसत सांगितलं. पुढे चौकशी होईल म्हणते. होऊ दे.

मी तुझी माफी मागत नाही, कारण मला खात्री नाही. तो दिवस पुन्हा आला, पुन्हा तो बॉबिन माझ्या टेबलावर आला, तर मास्तरांना मी विसरणार नाही, एवढं मी शपथेवर सांगते. पण तुला मी जाऊ देईन का? हे मला विचारू नकोस.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

तुझी चारही पत्रं मिळाली. शेवटचं दुकानात उघडलं. समोर एक पंप उघडून पडला होता आणि त्याचा मालक डोक्यावर उभा होता. त्याला उद्या ये म्हणून घालवला आणि शटर ओढलं. मग बायकोला बोलावून पहिल्यापासून सगळी मोठ्याने वाचायला लावली. पहिली तीन मी स्वतः वाचली तेव्हा वाटत होतं, माझ्या मनाचंच काहीतरी वाचतोय.

बायको म्हणते, ताईंनी तुम्हाला वाचवलं. माझी मुलं त्यामुळे आहेत, नातू त्यामुळे आहे, असं तिचं म्हणणं. ते मला नाकारता येत नाही. पण मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. मला मैदानात पाहिलंस आणि हाक मारली नाहीस, तिथे माझा सगळा राग येऊन थांबतो. मास्तरांचं तर मी अजून मनात आणू शकलेलो नाही.

चौतीस वर्षं मी स्वतःशी भांडलो. ते भांडण खरं तुझ्याशी होतं. ते आता पहिल्यापासून भांडावं लागेल, आणि पत्रातून मला भांडता येत नाही. तू लिहितेस चांगलं, मी हरेन. सप्टेंबरात येईन. जेवायला थांबेन की नाही ते आल्यावर पाहू.

समितीचं पत्र आलं. ड रद्द, त्याजागी अ. त्याबरोबर एक फॉर्म आहे, साक्षीदाराने भरून पाठवायचा. नाव, क्रमांक, तळ, सगळं भरलं. नवव्या रकान्यात विचारलंय, ‘आपले मूल्यांकन करणारी व्यक्ती विश्वासार्ह होती असे आपल्याला वाटते का? नसल्यास कारण द्या.’

‘नाही’वर खूण केली. कारणासाठी त्यांनी सहा ओळी सोडल्यात, मला एकच पुरली. लिहिलं : माझी बहीण होती.

धाकटा